बारा आठवड्यांचा रसायनशास्त्राचा वर्ग : कोणी घ्यावा आणि आधी काय पाहावे

पुण्यात टिळक रस्त्याला लागून असलेल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, उपयोजित रसायनशास्त्राचा एक पायाभूत वर्ग चालतो. विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात जाण्यापूर्वी ज्यांना या विषयाची तयारी पक्की करून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी तो आहे. यंदा मार्च ते मे या काळात मी तो पूर्ण केला. शनिवारी दुपारी चार ते सात व्याख्यान आणि रविवारी सकाळी आठ ते अकरा प्रात्यक्षिक, असे बारा आठवडे. शुल्क ९,५०० रुपये असून प्रात्यक्षिकाच्या साहित्याचे १,२०० रुपये वेगळे घेतात. काही उणिवांविषयी चालकांशी माझे बोलणे अजून चालू असल्यामुळे वर्गाचे नाव येथे लिहीत नाही.

माझी पार्श्वभूमी आधी सांगणे आवश्यक आहे, कारण परीक्षण कोणाच्या नजरेतून लिहिले आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, वय ३४. शाळा मराठी माध्यमाची आणि विज्ञानाशी संबंध दहावीपर्यंतचा. गेली नऊ वर्षे भोसरीत माझ्या दिरांच्या झिंक प्लेटिंगच्या, म्हणजे धातूच्या वस्तूंवर विजेने जस्ताचा थर चढवण्याच्या, कारखान्याचे हिशेब मी पाहते. तेथे रोज जे घडते ते का घडते, हे मला समजून घ्यायचे होते, आणि जमल्यास पुढे या विषयात रीतसर शिक्षणही घ्यायचे आहे. वर्गातील उरलेले तेवीस जण बहुतेक बारावीची परीक्षा देऊन आलेले, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाकडे डोळे लावून बसलेले. ती मुले मला पहिल्याच दिवसापासून ताई म्हणू लागली आणि अडलेली गणिते निःसंकोचपणे समजावून देऊ लागली.

शिकवणाऱ्या मॅडम निवृत्त प्राध्यापिका आहेत. त्यांनी सुरुवात आवर्तसारणीपासून न करता मोजमापापासून केली, आणि माझ्या मते या वर्गाचे खरे बळ तेथेच आहे. पहिले दोन आठवडे केवळ एकके, मोल, द्रावणाची तीव्रता आणि सार्थ अंक यांवर गेले. फळ्यावर एककाविना आकडा लिहिला की त्या तो पुसून टाकत आणि पुन्हा लिहायला लावत. बारावी झालेल्या मुलांना हा वेळ वाया जातो आहे असे वाटत होते, आणि दोघांनी तसे बोलूनही दाखवले. पण पुढे ज्यांची गणिते चुकली, त्यांच्यातल्या बहुतेकांची चूक सूत्रात नव्हती. मिलिलीटर आणि लीटर, मिलिग्रॅम आणि ग्रॅम यांच्या गोंधळात होती. हे मी प्रत्येक आठवड्याला शेजारी बसून पाहिले आहे.

मोलची कल्पना मला शाळेत कधीच उमगली नव्हती. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात ही संख्या पाठ होती, पण ती कशासाठी हवी ते कळत नव्हते. या वेळी ती कळली, आणि त्याचे कारण आमच्या कारखान्यातच होते. आमच्याकडे प्लेटिंगला येणारे बोल्ट कोणी मोजत बसत नाही. शंभर बोल्टचे वजन घेतात आणि सगळी पोती तोलून नगांची संख्या काढतात. अणू मोजता येत नाहीत म्हणून तोलायचे, आणि कोणत्या मूलद्रव्याच्या किती ग्रॅममध्ये तेवढेच नग भरतात ते मोलवस्तुमानावरून ठरवायचे, इतकेच ते आहे. जस्ताचे ६५.३८ ग्रॅम घ्या किंवा लोखंडाचे ५५.८५ ग्रॅम घ्या, नग सारखेच. मॅडमना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी ते वर्गापुढे पुन्हा सांगायला लावले.

तीव्रतेच्या गणितासाठी त्यांनी पाठ्यपुस्तकातला काल्पनिक आकडा न घेता सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीवरचे लेबल वाचायला दिले. ९८ टक्के, घनता १.८४. यावरून ते आम्ल सुमारे १८.४ मोलर, म्हणजे लीटरला १८.४ मोल, असल्याचे प्रत्येकाने स्वतः काढले. नंतरच, एवढ्या तीव्र आम्लात पाणी ओतले तर तेथल्या तेथे उकळून ते अंगावर का उडते आणि म्हणून नेहमी पाण्यात आम्ल हळूहळू का घालायचे, हे त्यांनी सांगितले. आमच्या कारखान्यात हा नियम भिंतीवर लावलेला आहे. त्यामागचा आकडा मात्र मला प्रथमच दिसला.

भाषेविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण मराठी माध्यमातून आलेल्यांना हाच प्रश्न सर्वांत आधी पडतो. अकरावी-बारावीची विज्ञान शाखेची पुस्तके इंग्रजीत असतात, त्यामुळे दहावीपर्यंत आम्लारी, क्षपण, अवक्षेप, द्राव्य अशा शब्दांत शिकलेला विद्यार्थी एकदम बेस, रिडक्शन, प्रेसिपिटेट, सोल्यूट यांच्यापुढे उभा राहतो. मॅडम मराठीत शिकवतात आणि प्रत्येक संज्ञा दोन्ही शब्दांनी सांगतात. फळ्याच्या उजव्या कडेला त्या दिवसाच्या संज्ञांची जोडयादी तीन तास तशीच राहते. ही साधी सोय फार उपयोगी आहे.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, शब्द कोठे दगा देतो हेही त्या सांगतात. अॅनोडला आपण धनाग्र म्हणतो, आणि विद्युत अपघटनात ते बरोबर आहे, कारण तेथे अॅनोड बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असतो. मात्र विजेरीच्या घटात, म्हणजे जेथे रासायनिक क्रियेतून वीज मिळते तेथे, अॅनोड हे ऋण टोक असते. ऑक्सिडीकरण, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणे, दोन्हीकडे अॅनोडवरच होते. टोकाचे चिन्ह तेवढे बदलते. धनाग्र हा शब्द पाठ केलेला विद्यार्थी येथे हमखास चुकतो, आणि आमच्या वर्गातही निम्मे जण चुकले. तीच गत क्षार या शब्दाची. सोसायटीच्या बैठकीत पाणी क्षारयुक्त आहे असे कोणी म्हणाले की काही जण त्याचा अर्थ अल्कधर्मी असा घेतात, जेव्हा बोलणाऱ्याच्या मनात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची लवणे असतात. या दोन शब्दांवर जवळजवळ एक तास गेला, आणि तो सत्कारणी लागला असे मी म्हणेन.

पाण्याचा भाग हा या वर्गाचा सर्वांत उत्तम भाग आहे. त्याला तीन आठवडे दिले आहेत. प्रत्येकाने घरून पाण्याचे दोन नमुने आणायचे होते. मी वाघोलीला राहते, आमच्या सोसायटीत बोअरवेलचे पाणी आहे. दुसरा नमुना कोथरूडला राहणाऱ्या नणंदेकडच्या महापालिकेच्या नळाचा घेतला. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांत साठणारे पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे असते. खडकाशी त्याचा सहवास थोडा, म्हणून ते सुफेन, साबणाला सहज फेस देणारे. बोअरवेलचे पाणी बेसॉल्टच्या भेगांतून दीर्घकाळ मुरलेले असते आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवून घेते, म्हणून ते दुष्फेन. हे वाचून माहीत असणे आणि स्वतःच्या हाताने मोजणे यांत फार अंतर आहे.

मोजायचे होते ते काठिण्य, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण. त्यासाठीचे ईडीटीए अनुमापन, म्हणजे या धातूंना धरून ठेवणाऱ्या ईडीटीए या रसायनाचे द्रावण किती लागते ते मोजणे, असे केले. ५० मिलिलीटर नमुना पिपेटने शंकूपात्रात घ्यायचा, अमोनियाचे बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) घालून पीएच १० च्या आसपास आणायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाची चिमूट टाकायची. पात्रातले पाणी द्राक्षांच्या मद्यासारखे लालसर होते. खाली पांढरी फरशी ठेवायची आणि ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मापाच्या नळीतून, ०.०१ मोलर ईडीटीए सोडत पात्र फिरवत राहायचे. बराच वेळ काहीच होत नाही. मग रंगात जांभळी झाक येते, आणि येथून पुढे हात आवरावा लागतो. ब्युरेटच्या टोकाला लोंबणारा अर्धा थेंब पात्राच्या आतल्या कडेला टेकवून पाण्याने धुऊन खाली घ्यायचा, फिरवायचे, थांबायचे. एका क्षणी लालीचा शेवटचा अंश जातो आणि स्वच्छ निळा रंग उरतो. तेथेच थांबायचे, डोळा द्रावणाच्या पातळीला आणून खालच्या वक्राशी आकडा वाचायचा. माझे पहिले वाचन २३.१ आले, कारण एक मिलिलीटरभर मी पुढे निघून गेले होते. नंतरची तीन २२.४, २२.३ आणि २२.३ आली. ०.०१ मोलर ईडीटीएचा एक मिलिलीटर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात एक मिलिग्रॅम, म्हणून २२.३ ला २० ने गुणून लीटरला ४४६ मिलिग्रॅम. कोथरूडच्या नमुन्याला ३ मिलिलीटरही लागले नाही, म्हणजे काठिण्य ६० च्या आत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लीटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. आमच्या सोसायटीचे पाणी या दोहोंच्या मधोमध कोठेतरी आहे, हे मला त्या रविवारी कळले.

पुढच्या रविवारी तेच पाणी उकळून, गाळून, मूळ आकारमानाला आणून पुन्हा मोजले. या वेळी १४.१ मिलिलीटर लागले, म्हणजे २८२. गेलेले १६४ हे तात्पुरते काठिण्य. बायकार्बोनेट उकळल्यावर कार्बोनेट होऊन खाली बसते, आणि घरातल्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तो हाच. उरलेल्या काठिण्याला आयन-विनिमयाची रेझिन लागते, जी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि त्यांच्या जागी सोडियम देते. ती भरली की मिठाचे पाणी सोडून पुन्हा ताजी करतात. यातून एक व्यावहारिक गोष्ट उमगली. अशी रेझिन भरलेल्या सॉफ्टनरनंतर टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचा, आकडा फारसा खाली येत नाही, कारण लवणे जातच नाहीत, त्यांचा धातू तेवढा बदलतो. आमच्या सोसायटीत सॉफ्टनर बसल्यावर टीडीएस मीटर लावून सॉफ्टनरच निकामी आहे असे ठरवणाऱ्या सदस्यांना मी आता हे कागदावर मांडून दाखवू शकते, आणि दाखवले आहे.

विद्युतरसायनाच्या भागाची एक आठवण माझ्या घरची आहे. चार वर्षांपूर्वी पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राच्या एका विक्रेत्याने आमच्याकडे येऊन दोन पेले मांडले होते, एकात आमचे पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. विजेला जोडलेल्या धातूच्या काड्या त्याने दोन्हींत बुडवल्या. आमचे पाणी पाहता पाहता तपकिरी, गढूळ आणि किळसवाणे झाले. त्याचे तसेच स्वच्छ राहिले. सासूबाई घाबरल्या आणि आम्ही त्याच दिवशी यंत्र घेतले. वर्गात मॅडमनी हाच प्रयोग केला आणि मग शुद्ध पाण्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकले. तेही तपकिरी झाले. तो गाळ काडीच्या लोखंडाचा होता. अॅनोडवर लोखंड विरघळते आणि त्याचे हायड्रॉक्साइड तयार होते. ज्या पाण्यात लवणे नाहीत त्यातून वीज वाहत नाही, म्हणून तेथे काही दिसत नाही. पाण्यातली घाण म्हणून जे आम्हाला दाखवले गेले, ते त्याच्याच काडीचे लोखंड होते. पाण्यासाठी घरोघर असे प्रयोग दाखवले जातात, तेव्हा प्रत्येक घरात एका तरी माणसाला हे ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

किती वीज सोडली की किती धातू चढतो हे सांगणाऱ्या फॅराडेच्या नियमांचे गणित माझ्यासाठी या वर्गाचे सगळे शुल्क फेडणारे ठरले. आमच्या कारखान्यातले सर्वांत जुने कारागीर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते १० मायक्रॉनच्या कामाला रेक्टिफायरवर, म्हणजे एकदिश वीज देणाऱ्या यंत्रावर, ठरावीक अँपिअर लावून वीस मिनिटे ठेवतात. का वीस, असे विचारले तर अनुभव, असे उत्तर देतात. मी वर्गात गणित मांडले. एक चौरस डेसिमीटर पृष्ठभागावर १० मायक्रॉन म्हणजे ०.१ घन सेंटिमीटर जस्त. घनता ७.१४, म्हणून ०.७१४ ग्रॅम. हे झाले ०.०१०९ मोल. जस्ताच्या प्रत्येक आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात आणि एक मोल इलेक्ट्रॉनचा भार ९६,४८५ कूलोम, म्हणून एकूण सुमारे २,१०७ कूलोम. आमच्याकडे एका चौरस डेसिमीटरला २ अँपिअर देतात; त्या हिशेबाने साडेसतरा मिनिटे. बाथची, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीची, कार्यक्षमता ९० टक्के धरली तर साडेएकोणीस. मामांना हे दाखवले तेव्हा त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या आकाराच्या एका जॉबचे गणित करून द्यायला सांगितले.

उरलेले दहा टक्के कोठे जातात, हा प्रश्न मी विचारला. ते हायड्रोजन वायू तयार करण्यात जातात, आणि त्यातला काही हायड्रोजन पोलादात शिरतो. अतिकठीण पोलादाचे बोल्ट यामुळे ठिसूळ होतात, म्हणून प्लेटिंगनंतर ते भट्टीत सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवून हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. तीन वर्षांपूर्वी एका ग्राहकाने आमची एक खेप परत केली होती, कारण बोल्ट आवळल्यानंतर काही तासांनी आपोआप तुटत होते. आम्ही पोलादाला दोष दिला होता. तो दोष बहुधा आमचाच होता, आणि आता दिरांनी भट्टीची चौकशी सुरू केली आहे.

आता जेथे हा वर्ग कमी पडतो ते लिहिते. इंधने आणि पॉलिमर हे दोन्ही विषय शेवटच्या दोन शनिवारांत घाईने उरकले. इंधनाची उष्णता मोजणाऱ्या बॉम्ब कॅलरीमापीची आकृती काढून दिली, स्थूल आणि निव्वळ उष्मांकाच्या व्याख्या वाचल्या, गणित एकच झाले. कार्बनी रसायनशास्त्र जवळजवळ नाहीच. ज्या शहरात १९५० पासून पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि ज्याच्या शेजारी पिंपरीत प्रतिजैविकांचा कारखाना उभा राहिला, तेथे औषधे आणि पॉलिमर यांच्या रसायनशास्त्राला एवढा कमी वेळ मिळावा, हे मला पटलेले नाही. ज्यांना पुढे औषधनिर्माण किंवा पॉलिमरकडे जायचे आहे त्यांनी केवळ या वर्गावर विसंबू नये.

छापील टिपणांची पुस्तिका चुकांनी भरलेली आहे. काठिण्याच्या प्रकरणात ईडीटीएची तीव्रता ०.०१ ऐवजी ०.१ मोलर छापली आहे. माझ्या शेजारच्या मुलाने त्याप्रमाणे गणित करून लीटरला ४,४६० मिलिग्रॅम असे उत्तर लिहिले आणि त्याला शंकाही आली नाही. मॅडमनी तोंडी दुरुस्ती सांगितली, पण त्या दिवशी जे गैरहजर होते त्यांच्या पुस्तिकेत ती चूक तशीच आहे. शुल्कात पुस्तिकेचे पैसे धरलेले असताना शुद्धिपत्राचे एक पान देणे चालकांना अवघड नव्हते. तोपर्यंत बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळणारी अकरावी-बारावीची पुस्तके जवळ ठेवावीत, आणि जुनी संदर्भपुस्तके हवी असतील तर अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीत मिळतात.

सर्वांत गंभीर तक्रार प्रयोगशाळेची आहे. वर्गाची स्वतःची प्रयोगशाळा नाही. रविवारी एका महाविद्यालयाची भाड्याने घेतात. चोवीस विद्यार्थ्यांना चार ब्युरेट मिळत, म्हणजे एका ब्युरेटला सहा जण. शेवटच्या दोघांना रंगबदल पाहायला मिळे, स्वतः करायला मिळत नसे. मी आठच्या आधी पोचत असे म्हणून माझी चार वाचने झाली. पिंपरी किंवा हडपसरहून दोन बस बदलून येणाऱ्या मुलांची झाली नाहीत. संरक्षक चष्मे दहा होते. अमोनियाचे बफर आणि आम्ल हाताळताना चष्म्याविना कोणी उभे राहणे मला मान्य नाही, आणि हे मी चालकांना लेखी कळवले आहे. अनुमापन हे पाहून शिकण्याचे काम नाही. जांभळ्या झाकेनंतर हात कोठे आवरायचा हे बोटांनाच शिकावे लागते, आणि ज्याला ते मिळाले नाही त्याने १,२०० रुपये कशाचे भरले, हा प्रश्न रास्त आहे.

पुढील तुकडीसाठी ब्युरेट बारा करू आणि प्रात्यक्षिकाच्या दोन पाळ्या ठेवू, असे चालकांनी मला तोंडी सांगितले आहे. मराठी माध्यमातून आलेल्या, किंवा माझ्याप्रमाणे कामातून शिक्षणाकडे वळलेल्या कोणालाही मी मॅडमच्या शनिवारच्या तासांसाठी हा वर्ग सुचवेन. बारावीला रसायनशास्त्रात उत्तम गुण असलेल्यांना पहिले तीन आठवडे संथ वाटतील. पैसे भरण्यापूर्वी मात्र चालू तुकडीच्या एखाद्या रविवारी सकाळी नऊच्या सुमारास प्रयोगशाळेत जावे, परवानगी सहज देतात, आणि एका ब्युरेटभोवती किती जण उभे आहेत ते स्वतः मोजून यावे.